टेम्पमधलं दूध

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि भिगवण मागं पडलं की डाळज येतं. एक नव्हे, तीन. डाळज नं. १, डाळज नं. २ आणि डाळज नं. ३. चिलापी मासा खायला थांबलेल्या पुणेकराला वाटतं, महसूल खात्याकडची नावं संपली असावीत. कम्प्युटरच्या धंद्यातल्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही. त्याच नावाची दुसरी फाईल आली की यंत्रही न बोलता पुढं आकडा चिकटवून मोकळं होतं. डाळजचं नशीब चांगलं, की तिथं अजून कुणी ‘एक ठेवा, बाकीचे दोन उडवा’ असं म्हटलेलं नाही.

आमचं पोट या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांच्या, पतसंस्थांच्या आणि विकास सोसायट्यांच्या कम्प्युटरवर चालतं. म्हणजे त्यांचे कम्प्युटर चालत नाहीत तेव्हा आमचं पोट चालतं. फोन येतो तो हमखास सकाळी सहाला, केंद्रासमोर किटल्यांची रांग लागलेली असताना.

“साहेब, ते भरलंय म्हणतंय.”

“काय भरलंय?”

“ते मला इंग्रजी येत असतं तर मी हितं फॅट मोजत बसलो असतो व्हय? या तुमी.”

जाऊन बघावं तर डिस्क काठोकाठ. आता हिशेब बघा. शंभर दूधवाले, दिवसातून दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस, कारण गाय दिवाळीची सुट्टी घेत नाही. झाल्या ७३,००० नोंदी. प्रत्येक नोंदीत कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. सगळं धरून वर्षाला सात-आठ एमबी. अख्ख्या गावाचं वर्षभराचं दूध मोबाईलवर काढलेल्या दोन-तीन फोटोंच्या जागेत मावतं. मग पाचशे जीबी भरले कशानं? थोडा भाग चेअरमनच्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ असतो, थोडा भाग बैलगाडा शर्यतींचा. पण खरा मानकरी असतो तो ‘टेम्प’ नावाचा फोल्डर. त्यात हजारो फाईली, आणि नावं अशी की बारशाला आलेल्या आत्यानं रागानं ठेवलीत.

या फाईली कुणी केल्या, असं विचारलं की केंद्रातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. खरं तर त्या दुधाच्या प्रोग्रॅमनंच केलेल्या असतात. दर दहा दिवसांनी ऑपरेटर ‘बिल’ हे बटण दाबतो. प्रोग्रॅमला वीस वेळचं दूध गोळा करायचं असतं, कोडवार लावायचं असतं, पशुखाद्याची उधारी आणि ॲडव्हान्स कापायचा असतो आणि त्यातून उरलंच काही तर ते शेतकऱ्याच्या नावावर दाखवायचं असतं. एवढा पसारा मेमरीत मावला नाही की तो डिस्कवर मांडतो. काम झालं की उचलतो. मोठमोठे डेटाबेसही हेच करतात. पोस्टग्रेस नावाचा नामांकित डेटाबेस एका वेळच्या लावालावीला मुळात ४ एमबी मेमरी देतो, त्याच्यावर गेलं की डिस्कवर. एसक्यूएल सर्व्हरचा ‘टेम्पडीबी’ दर वेळी सर्व्हर चालू झाला की नव्यानं जन्म घेतो, मागच्या जन्माचं काही आठवत नाही. मायएसक्यूएलची एक तात्पुरती फाईल सुरुवातीला १२ एमबीची, गोंडस असते. ती फुगते, आणि फुगली की सर्व्हर बंद करून चालू करेपर्यंत उतरत नाही. ओरॅकलला तात्पुरती जागा पुरली नाही की तो ओआरए-०१६५२ असा नंबर तोंडावर फेकतो आणि गप्प बसतो. तालुक्याच्या कचेरीत काम केल्यासारखाच.

तर चांगला प्रोग्रॅम आपला पसारा आपण आवरतो, वाईट प्रोग्रॅम आवरत नाही, आणि लाइट गेली की चांगला प्रोग्रॅमही वाईट होतो. आमच्याकडच्या संगणकशास्त्राचा हा पाया आहे. पसारा मांडून झालेला, आवरायचा बाकी, आणि तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरवर खट्! फाईली राहिल्या तिथंच. त्यांचा प्रोग्रॅम मेला, त्यांना विचारणारं कुणी नाही. प्रोग्रॅम परत चालू झाला तरी नव्या फाईली काढतो, जुन्यांना ओळख दाखवत नाही. यूपीएस असतो, नाही असं नाही. पण त्याची बॅटरी आता इतकीच उरलेली असते की मान वर करून ‘लाइट गेली’ एवढं म्हणेपर्यंत साथ देते.

त्यात ऑपरेटरची कम्प्युटर बंद करायची पद्धत. ‘शट डाउन’ ही गोष्ट त्याला माहीत आहे, पण ती पाहुण्यांसाठी. रोजच्यासाठी भिंतीवरचं बोर्डाचं बटण. शेवटची किटली गेली, पावती फाडली, बोटानं खट्, शटर खाली. पाच सेकंदांत कम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, फॅट मशीन आणि पंखा, सगळ्यांचा निकाल.

हे काही आजचं नाही. फॉक्सप्रोच्या काळापासून चालत आलंय. मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली फॉक्सप्रो विकत घेतलं, २००४ मध्ये त्याची शेवटची आवृत्ती काढली, २०१५ च्या जानेवारीत त्याच्यावरून हात काढून घेतला. सहकारात मात्र असं कुणी हात काढला म्हणून काही थांबत नाही. अजून एखाद्या संस्थेत निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो भेटतो. त्या काळी लाइट गेली की ‘इंडेक्स’ मोडायचा, मग कोड नंबर १२ ला हाक मारली की कोड नंबर ४१ हजर व्हायचा. त्यासाठी मेन्यूत ‘रीइंडेक्स’ हे खास कलम असे. जुने ऑपरेटर सकाळी उदबत्ती ओवाळून आधी रीइंडेक्स करत आणि मगच पहिली नोंद घेत. मोडलेलं नसलं तरी करत. त्यांचं कधी फारसं बिघडलं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

तात्पुरत्या फाईलींचा एक वेगळा वाण असतो, तो म्हणजे कुलुपाची फाईल. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये सरकारी अनुदान आलं, आणि त्यासाठी प्रत्येक गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर भरणं आलं. एक्सेल उघडलं, नंबर टाकले. एक्सेलची बारा आकड्यांपासून पुढं बोबडी वळते. त्यानं सगळ्या गाईंना एक टिंब, दोन आकडे, मध्ये एक इंग्रजी ‘ई’ आणि शेवटी अधिक अकरा, असं लिहून दाखवलं. यादी तपासायला आलेले एक आजोबा चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले, “माझ्या गाईच्या कानात ह्यो ‘ई’ कुणी घातला?”

ते निस्तरलं आणि दुसऱ्या दिवशी ती फाईल उघडेचना. पडद्यावर निरोप: ही फाईल ‘एचपी’ यांनी उघडलेली आहे, सध्या फक्त वाचता येईल. त्याचं असं असतं, की फाईल उघडली की शेजारी गुपचूप एक चिमुकली फाईल तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, दुसऱ्यानं हात लावू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी बोर्डाचं बटण दाबलं, चिमुकली तशीच राहिली. आणि कम्प्युटर घेतला तेव्हापासून वापरणाऱ्याचं नाव कुणी बदललेलंच नव्हतं. हे सगळं मी समजावून सांगेपर्यंत केंद्रात चर्चा सुरू झाली होती.

“एचपी? किती एचपी?”

“काय लिहिलं न्हाय.”

“साडेसातच्या आतला पंप असंल तर बिल माफ हाय.”

थोडक्यात, ऑपरेटरनं स्वतःलाच बाहेर उभं केलं होतं. ॲक्सेस नावाच्या डेटाबेसातही हाच प्रकार चालतो. त्याच्या कुलुपाच्या फाईलीत कोणकोण आत आहे त्यांची यादी असते, शेवटचा माणूस बाहेर पडला की ती फाईल आपोआप जाते. शेवटचा माणूस खट् करून गेला तर तो कागदोपत्री आतच राहतो. असले सभासद आमच्याकडे सोसायटीच्या मतदारयादीतही सापडतात, पण तो विषय इथं नको.

परदेशातही सगळं सुरळीत आहे, असं समजू नका. एसक्यूलाइट नावाचा एक छोटा, फुकटातला डेटाबेस आहे. डी. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली तो बाहेर काढला. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये तो आहे, आमच्या दुधाच्या सॉफ्टवेअरखालीही तोच आहे. हा डेटाबेस तात्पुरत्या फाईली काढताना त्यांच्या नावाला पुढं आपलं नाव लावायचा. मॅकॅफी कंपनीनं आपल्या अँटिव्हायरसमध्ये तो वापरला, आणि लोकांच्या टेम्प फोल्डरात ‘एसक्यूलाइट’ नावाच्या फाईली दिसू लागल्या. लोक भडकले. त्यांनी गूगलवर नाव शोधलं, बनवणाऱ्यांचे फोन नंबर मिळवले आणि रात्री-अपरात्री त्यांना झोपेतून उठवून जाब विचारायला सुरुवात केली. बिचाऱ्यांचा यात काय दोष? ते म्हणणार तरी काय, की ‘बाबांनो, तो पसारा आमच्या पाहुण्याचा आहे’? शेवटी २००६ साली त्यांनी तोड काढली. नाव उलटं लिहायला लागले. एस-क्यू-एल-आय-टी-ई चं ई-टी-आय-एल-क्यू-एस. शोधणाऱ्याला काही अर्थ लागेना, फोन थांबले. हा सगळा इतिहास त्यांनी प्रोग्रॅमच्या पोटात शेरा म्हणून लिहून ठेवलाय, कुणीही वाचावा. मी तो वाचला त्या दिवसापासून माझ्याही दुकानाच्या पाटीवर नाव उलटं लिहावं असा विचार आहे. सहाचे फोन तरी थांबतील.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. गेल्या दिवाळीत एका केंद्राच्या चेअरमनचा भाचा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घराची साफसफाई झालेली, भिंतींना रंग लागलेला, करंज्या डब्यात गेलेल्या. पोराला काही काम उरलं नव्हतं. “मामा,” तो म्हणाला, “तुमचा पीसी किती स्लो झालाय! मी क्लीन करून देतो.” मामांनी मोठ्या कौतुकानं किल्ली दिली.

भाच्यानं टेम्प फोल्डर झाडला. त्याचं काही चुकलं नाही, उलट उपकार झाले. पण तेवढ्यावर थांबला असता तर तो भाचा कसला? तो दुधाच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात शिरला. तिथं मूळ डेटाबेसची फाईल होती, आणि शेजारी अगदी त्याच नावाच्या, शेवटी नुसतं शेपूट लावलेल्या आणखी दोन. एकीचं शेपूट ‘डब्ल्यूएएल’, दुसरीचं ‘एसएचएम’. डुप्लिकेट! त्यानं डाळज नं. १ ठेवलं, नं. २ आणि नं. ३ उडवलं, रीसायकल बिनही रिकामा केला, आणि मामाच्या हातचा चहा घेतला.

त्या शेपटाच्या फाईलीचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये अशी सोय आहे, की नवी नोंद आली की ती आधी या ‘डब्ल्यूएएल’ शेपूटवाल्या फाईलीत लिहायची. तिथं हजार पानं भरली की मग मूळ फाईलीत उतरवायची. किंवा प्रोग्रॅम रीतसर बंद केला तर जाता जाता सगळं उतरवून शेपूट काढून टाकायचं. आमचा ऑपरेटर प्रोग्रॅम रीतसर कधीच बंद करत नाही, हे वर आलंच. एका दूधवाल्यामागं दोन-तीन पानं धरली तर हजार पानं भरायला चार-पाच वेळचं दूध लागतं. तोवर ते दूध मूळ डेटाबेसात नसतंच. ते असतं भाच्यानं उडवलेल्या फाईलीत.

संध्याकाळी प्रोग्रॅम उघडला. कुठली तक्रार नाही, लाल अक्षर नाही. काहीच झालं नसल्यासारखा हसत उघडला आणि परवा सकाळपर्यंतचं दूध दाखवलं. त्यानंतर गावातल्या गाई भाकड झाल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा चेअरमन खुर्चीवर, भाचा कोपऱ्यात, आणि रांग दारात. मी बघितलं आणि सांगितलं, “चेअरमनसाहेब, कालचं दूध टेम्पमध्ये होतं, म्हणजे टेम्पसारख्याच एका फाईलीत. ती गेली.”

“टेम्पोतच असणार की!” चेअरमन म्हणाले. “दुसरं कशात असंल? आन् गेला की टेम्पो. काल रातीच गेला.”

त्यांना टेम्प आणि टेम्पोतला फरक कळायला थोडा वेळ गेला, आणि कळल्यावर त्यांनी भाच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी सांगत नाही, दिवाळी होती. भाचा म्हणाला, “मामा, तो डेड डेटा होता. टेम्पररी फाईल्स असतात त्या, सगळेच डिलीट करतात.”

हे ऐकून दाराच्या चौकटीला टेकलेले एक आण्णा पुढं सरकले. आण्णांची जमीन उजनीच्या पाण्याला लागून आहे, धरणातल्या पाण्याचे आकडे त्यांना तोंडपाठ. “डेड?” ते म्हणाले. “आरं, आपल्या उजनीत मृतसाठा ६३ टीएमसी, आन् ज्याला ही लोकं उपयुक्त म्हणत्यात त्यो ५३. म्हंजी धरणात जिवंतापेक्षा मेलेलंच जास्त हाय. उन्हाळ्यात सोलापूर कशावर जगतं मग? त्या मेलेल्यावर!” हे खरंच आहे. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली होती. पाण्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, लोक फोटो काढायला गर्दी करत होते, आणि तरीही धरणात तीसेक टीएमसी पाणी होतं. सगळंच्या सगळं मृत. भाच्याला यावर काही सुचलं नाही. पुण्यात पाण्याचा असला हिशेब शिकवत नाहीत.

मग दूध परत मिळवायचा उद्योग सुरू झाला. पावत्या आणा, असं सांगितलं. पावत्या आल्या. पण त्या थर्मल कागदावरच्या. खिशातल्या घामानं, बंडीतल्या तंबाखूनं आणि एका ठिकाणी धुण्याच्या साबणानं पुसट झालेल्या. ज्यांची पावती दिसत होती त्यांचं तसंच लिहिलं. ज्यांची दिसत नव्हती त्यांना विचारलं. त्या दोन दिवसांत या गावात ३.५ च्या खाली फॅट लागलेली एकही गाय नव्हती, असं निष्पन्न झालं. एकानं ५.२ सांगितला. ऑपरेटर म्हणाला, “काका, तुमची जर्सी हाय, म्हैस न्हाय.” काका म्हणाले, “दिवाळीची सरकी घातली होती.”

सगळी बेरीज झाली. शीतकरण केंद्रावरून आलेली टेम्पोची पावती काढली, तिच्यावर एकूण लिटर आणि सरासरी फॅट असतो. आमच्या बेरजेतलं दूध त्या टेम्पोच्या कॅनमध्ये मावेना. अडीचशे लिटर दूध केंद्रात आलं, यादीत चढलं आणि टेम्पोत चढलंच नाही. कुणीच माघार घेईना. शेवटी सचिवांनी जास्तीचे लिटर सगळ्यांच्या नावावरून सारख्या प्रमाणात कापले, म्हणजे ज्यानं खरं सांगितलं होतं त्याचंही थोडं गेलं. त्याला मी मनातल्या मनात सलाम केला. मोठ्यानं करायची सोय नव्हती, बाकीच्यांनी ओळखलं असतं.

मी ऑपरेटरला एका कागदावर लिहून दिलं: आधी प्रोग्रॅम बंद कर, शेपटाची फाईल गेली का बघ, मग शट डाउन, मग बटण. त्यानं कागद मॉनिटरला चिकटवला आणि पाच-सहा दिवस तसं केलंही. मग उसाची तोड आली, मोळ्या बांधायची घाई आली, पुन्हा खट्.

विषय मासिक सभेत गेला. सभेत वर्षानुवर्षं तीन विषयांवर बोललं जातं, पशुखाद्य, फॅट आणि वजनकाटा. त्यात आता शेपटाची फाईल आली. एक संचालक म्हणाले, बटणच काढून टाका. दुसरे म्हणाले, काढलं तर सकाळी कम्प्युटर चालू कसा करायचा? सूचक आणि अनुमोदक ठरून असा ठराव झाला, की सदर बटण संस्थेच्या परवानगीशिवाय कुणी बंद करू नये आणि त्यावर चिकटपट्टी लावावी. चिकटपट्टी लागली. तपकिरी, रुंद, खोक्यावर लावतात तसली, दोन आडव्या आणि एक उभी.

पंखा त्याच बटणावर होता, हे वर सांगितलंय. आता तो चोवीस तास फिरतो. रात्री शटर खाली असतं, आत कुणी नसतं आणि पंखा रिकाम्या कॅनना वारा घालत असतो. मागच्या महिन्याचं लाइटबिल बघून पुढच्या सभेला पंखा हा स्वतंत्र विषय म्हणून घेतलाय.